स्किझोफ्रेनियासाठी संवादोपचार : सरकारी रुग्णालयात मिळतो का, आणि खर्चाचे काय?

धाकटी बहीण (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. त्याचे वय आता २९ आहे. उपचार सरकारी रुग्णालयात चालू आहेत, गोळ्या तिथूनच विनामूल्य मिळतात आणि तो त्या नेमाने घेतो. गोळ्यांमुळे त्याचे रात्ररात्र जागणे थांबले, अंगावर धावून जाणेही थांबले, आणि त्यासाठी आम्ही त्या डॉक्टरांचे ऋणी आहोत. परंतु आवाज पूर्णपणे गेलेले नाहीत. खालच्या मजल्यावरचे लोक आपल्याविषयीच बोलत असतात ही त्याची समजूत कायम आहे आणि त्यापायी तो जिना उतरत नाही. डॉक्टरांपुढे महिन्यातून एकदा चार-पाच मिनिटे बसायला मिळते. झोप, भूक आणि गोळ्यांचे दुष्परिणाम विचारून होईपर्यंत ती संपतात आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते.

मागच्या वर्षी आम्ही त्याला एका खाजगी समुपदेशकांकडे नेले. सात सत्रे झाली. प्रत्येक सत्रात लहानपण, आईशी असलेले नाते, दडपलेला राग यांविषयी त्याला बोलते केले जाई, आणि घरी परतल्यावर त्या रात्री आवाज हमखास वाढत. आठव्या सत्राला जायला त्याने नकार दिला. खरे सांगायचे तर बाबांच्या निवृत्तिवेतनाचा एवढा मोठा वाटा त्या शुल्कात जात होता की त्याचा नकार आम्हालाही सोयीचा वाटला, आणि हे माझ्या मनाला लागून राहिले आहे.

मला विचारायचे आहे ते असे. या आजारात संवादोपचाराचा खरोखर उपयोग होतो का, की केवळ आपल्या समाधानासाठी आपण तो करतो? होत असेल तर तो सार्वजनिक रुग्णालयात का मिळत नाही? तो मागायचा असल्यास कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागावा? आणि पुन्हा खाजगीकडे वळण्याची वेळ आलीच, तर पैसा कुठपर्यंत लावणे शहाणपणाचे ठरेल?

नदीकाठ (उत्तर)

ताई, मी सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केले आहे. तुमच्या मनाला जे लागून राहिले आहे त्याविषयी आधी लिहितो. ती सात सत्रे वाया गेली यात तुमच्या भावाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. संवादोपचार या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांतली जी तुमच्या भावाच्या वाट्याला आली ती या आजारात फारशी कामाची नाही हे जुनेच ज्ञान आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका सरकारी मनोरुग्णालयात फिलिप मे यांनी केलेला तुलनात्मक अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. औषधांशिवाय केवळ अंतर्मनाचा शोध घेणारे मानसोपचार दिलेल्या रुग्णांची प्रगती औषधे मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत बरीच मागे राहिली. तिथले उपचारक नवखे होते अशी टीका पुढे झाली, आणि तीत तथ्यही आहे. तरीही ज्याच्या मनाचा उंबरठा आधीच झिजला आहे त्याला दर आठवड्याला भूतकाळात खोल उतरवणे जपून करावे, ही शिकवण कायम राहिली.

तुम्हाला जे मागायचे आहे त्याचे नाव ‘सायकोसिससाठीची सीबीटी’, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणूक यांवर काम करणारा संवादोपचार. सायकोसिस म्हणजे आवाज ऐकू येणे, संभ्रम होणे अशी वास्तवाशी नाते सुटल्याची अवस्था. संभ्रमाने, म्हणजे पुरावा नसताना पक्क्या बसलेल्या समजुतीने, ग्रासलेल्या एका रुग्णाला बाह्यरुग्ण म्हणून केवळ संवादातून मदत केल्याचा वृत्तान्त अ‍ॅरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९५२ मध्येच लिहिला होता, पण या पद्धतीला आकार आला तो मुख्यतः १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये. तीत उपचारक रुग्णाच्या समजुतीशी वाद घालत नाही आणि तिला मानही डोलावत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत तो विचारील की खालचे लोक आपल्याविषयीच बोलतात हे पहिल्यांदा केव्हा वाटले, त्या दिवशी नेमके काय ऐकू आले, त्या बोलण्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो का, आणि जिना न उतरल्यामुळे तो अर्थ पडताळून पाहण्याची संधीच निघून जाते का. मग दोघे मिळून एखादा लहानसा प्रयोग ठरवतात. समजूत पुसून टाकणे हा त्यामागचा हेतू नसतो. तिचा जाच कमी व्हावा आणि तिच्यामुळे अडलेले आयुष्य थोडे सुटावे, एवढ्यावर भर असतो.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था आहे. तिने २००२ मध्येच स्किझोफ्रेनियासाठी सीबीटीची शिफारस केली, आणि २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सायकोसिस वा स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रत्येक व्यक्तीला ती देऊ करावी असे म्हटले आहे : एकास एक, आणि नियोजित सत्रे किमान १६. कुटुंबासोबत करायच्या उपचाराची सत्रे तीन महिने ते एक वर्ष या काळात किमान १०. दोन्ही औषधांच्या जोडीने. साधे समुपदेशन सरसकट देऊ नये असेही त्याच सूचनांत आहे. रुग्णाची पसंती पाहावी, विशेषतः अधिक परिणामकारक उपचार जवळपास मिळत नसतील तेव्हा, अशी पुस्ती मात्र जोडलेली आहे.

आता तो मिळत का नाही, हे सांगतो. सोळा सत्रे म्हणजे सोळा तास. बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांना एक रुग्ण या हिशेबाने त्याच सोळा तासांत १९२ जण तपासून होतात. बाहेर रांग असताना एका माणसासाठी सोळा तास राखून ठेवायला कोणत्याही विभागप्रमुखाचा हात धजत नाही, आणि मी त्यांना दोषही देणार नाही. या उपचाराला यंत्र लागत नाही, तपासणी लागत नाही. त्याचा जवळजवळ सगळा खर्च शिकलेल्या माणसाच्या वेळेचा आहे, आणि नेमका तोच वेळ अंदाजपत्रकात मांडलेला नसतो. औषधांची खरेदी होते, तिचा हिशेब ठेवता येतो. मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे राहिले तर साठ्याच्या नोंदवहीत कुठेच तूट दिसत नाही. श्रीमंत देशांतही हेच घडले. इंग्लंडमध्ये नेमलेल्या स्किझोफ्रेनिया आयोगाने २०१२ मध्ये नोंदवले की ज्यांना सीबीटीचा उपयोग झाला असता त्यांच्यापैकी दहांतील एकालाच ती खऱ्या अर्थाने मिळत होती. शिफारस होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि उपचार तिथे मोफत होता.

म्हणून मागताना मोघम मागू नका. ‘त्याच्याशी कोणीतरी बोलावे’ असे म्हटले की ‘समुपदेशकांना भेटा’ एवढेच उत्तर येते. डॉक्टरांना सांगा की औषधे चालू असूनही आवाज आणि संभ्रम शिल्लक आहेत, त्यामुळे तो घराबाहेर पडत नाही, आणि सायकोसिससाठीच्या सीबीटीकरिता व कुटुंबासोबतच्या सत्रांकरिता आपण चिठ्ठी लिहून द्यावी. ही विनंती केसपेपरवर लिहून घ्या. लेखी विनंतीची नोंद राहते आणि प्रतीक्षायादीत नाव लागते. त्या रुग्णालयात सोय नसेल तर जिथे चिकित्सालयीन मानसशास्त्राचे वा मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते अशा सार्वजनिक संस्थेकडे पाठवायला सांगा. तिथे शिकाऊ उपचारक अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली सत्रे घेतात. शिकाऊ या शब्दाने बिचकू नका. दर आठवड्याला आपल्या कामाची उजळणी कोणापुढे तरी करावी लागणारा विद्यार्थी पुष्कळदा फार मन लावून काम करतो, आणि त्याच्यापाशी वेळ असतो.

आवाजांपलीकडे (उत्तर)

मी स्वतः शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेली व्यक्ती, आहे. माझ्याकडे आवाज अकरा वर्षांपासून आहेत, त्यामुळे माझे लिहिणे आतल्या बाजूने आहे.

माझा उपचार सरकारी रुग्णालयात झाला आणि सत्रांसाठी मला एक पैसाही भरावा लागला नाही. तरीही तो मला फुकट पडला असे मी म्हणणार नाही. सत्र कामाच्या दिवशी सकाळी असे, म्हणून दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. गर्दीत एकट्याने प्रवास करण्याची मला भीती वाटत असल्याने आई सोबत येई, म्हणजे भाडे दोघांचे. पहिल्या काही आठवड्यांत तर घरी जाऊन मी इतका थकत असे की उरलेला दिवसही हातचा जाई. शुल्क नसलेल्या उपचाराचाही खर्च असतो, आणि ज्याच्यापाशी कमी आहे त्यालाच तो अधिक जाणवतो. मी दोनदा उपचार सोडला आणि दोन्ही वेळा कारण हेच होते, जरी कागदावर ‘रुग्णाचे सहकार्य नाही’ असे लिहिले गेले. तिसऱ्या वेळी लाभलेल्या उपचारक ताईंनी पहिल्याच भेटीत विचारले की इथे पोहोचायला तुम्हाला काय काय करावे लागते. मग त्यांनी सत्राचा दिवस गोळ्यांच्या दिवसाला जोडून दिला आणि मधली सत्रे दूरध्वनीवर घेतली. या एवढ्या बदलामुळे मी टिकलो.

सत्रांत काय झाले हे तुमच्या भावाला वाचून दाखवता आले तर दाखवा. माझा एक आवाज सांगे की दुपारच्या आत एकटा घराबाहेर पडलास तर आईचा अपघात होईल. ताईंनी तो आवाज खोटा आहे असे एकदाही म्हटले नाही. तो किती वेळा बोलतो, कोणत्या वेळी बोलतो, त्याने आजवर सांगितलेले किती खरे ठरले, हे त्यांनी मला एका वहीत लिहायला लावले. तीन आठवड्यांनी माझ्याच अक्षरात माझ्यापुढे पान होते. त्यात चाळीसहून अधिक धमक्या होत्या आणि खरी ठरलेली एकही नव्हती. तरीही बाहेर पडायला मला आणखी महिना लागला. पहिल्या दिवशी मी सकाळी अकरा वाजता फक्त फाटकापर्यंत जाऊन परत आलो, आणि आई घरात सुखरूप होती. आवाज आजही आहे. पण तो बोलला म्हणून मी थांबत नाही.

आणखी एक वाट सांगतो, तिला पैसे लागत नाहीत. आवाज ऐकू येणाऱ्यांचे स्वमदत गट असतात. नेदरलँड्समधील मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम आणि पत्रकार-संशोधक सांड्रा एशर यांच्या १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या कामातून ही चळवळ उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली. हा उपचार नाही, आणि गोळ्या सोडा असे सांगणाऱ्या गटापासून दूर राहावे हे मी कळकळीने सांगतो. पण आपल्याला जे ऐकू येते ते समोरच्यालाही ऐकू येते हे पहिल्यांदा कळते तेव्हा जे वाटते, ते मला सत्रांतून मिळाले नव्हते. जवळपास असा गट नसेल तर विभागातील समाजकार्यकर्त्यांना विचारून पाहा. माझ्या गटाची सुरुवात अशीच झाली, आम्ही चौघांनी विचारले आणि आम्हाला एक रिकामी खोली मिळाली.

मागच्या बाकावरचा (उत्तर)

मी वयाने तुझ्या वडिलांच्या जागी आहे, म्हणून एकेरी लिहितो. माझ्या मुलाला हा आजार होऊन सोळा वर्षे झाली. तू सगळे प्रश्न भावासाठी विचारलेस. माझे सांगणे आहे की कुटुंबासाठीही विचार, आणि ते आधी विचार.

कारण साधे आहे. मुलाला सत्रांना नेणे त्याच्या मनावर अवलंबून असते, आपण जाणे आपल्या हातात असते. आमच्या मुलाने उपचारकासमोर बसायला दीड वर्ष नकार दिला. त्या काळात मी आणि माझी पत्नी दोघेच रुग्णालयातील समाजकार्यकर्त्यांकडे जात राहिलो. तिथे आम्हाला जे समजले ते आधी कळले असते, तर आजार दोनदा उलटला त्यातला एक प्रसंग टळला असता असे मला आजही वाटते. ‘उठ, आवर, काहीतरी कर’ हे मी त्याला दिवसातून वीस वेळा म्हणत असे, आणि पत्नी त्याच्या तोंडात घास भरवण्यापर्यंत त्याचे सगळे करत असे. आम्हा दोघांनाही ते प्रेमच वाटत होते. तो अंथरुणातून उठत नाही हा आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलेही असेल, पण आमच्या गळी उतरायला पाच-सहा बैठका लागल्या.

या विषयावरचा अभ्यास मी पुढे उत्सुकतेने वाचला. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० च्या दशकात लंडनमध्ये असे दिसले की रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार, भावंडांकडे वा खोली घेऊन राहिलेल्यांच्या मानाने अधिक वेळा उलटतो. १९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १२८ रुग्णांची माहिती एकत्र केली. ज्या घरांत टीका, चिडचिड किंवा अति गुंतून जाणे होते तिथे नऊ महिन्यांत ५१ टक्के रुग्णांचा आजार उलटला होता, आणि ज्या घरांत ते नव्हते तिथे १३ टक्क्यांचा. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा ते माझ्यावरच ठेवलेला आरोप आहेत असे वाटून मी पान मिटले होते. पुढे उमगले ते असे की आजार घरामुळे होतो असे त्यांत कुठेच म्हटलेले नाही. थकलेले घर रागावते, त्या रागाने आजारी माणूस आणखी मागे सरतो, आणि हे चक्र शिकवून सैल करता येते, एवढाच त्याचा अर्थ आहे. कुटुंबासोबतचे उपचार उभे राहिले ते याच पायावर.

खर्चाचा प्रश्न तू विचारलास म्हणून सांगतो. आमच्या दहा बैठकांचा सगळा खर्च, प्रवास आणि रजा धरूनही, मुलाच्या एका वेळच्या रुग्णालयातील मुक्कामात आमच्या हातून जे गेले त्याच्या पासंगालाही पुरत नाही. रुग्णालय सरकारीच होते, तरी दीड महिना घरातले एक माणूस तिथे आणि दुसरे वाटेत, अशी आमची अवस्था होती. आणि शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, गटात एकाच वेळी आठ-दहा कुटुंबे बसतात, म्हणजे रुग्णालयालाही ते परवडते. तुमच्याकडे असा गट नसेल तर विभागप्रमुखांना भेटून त्याची मागणी करा. एकटीने जाऊ नकोस, रांगेत शेजारी बसणारी आणखी दोन-तीन कुटुंबे बरोबर घे.

पुरावा हवा (उत्तर)

वरील सर्वांच्या अनुभवांविषयी आदर बाळगून एक वेगळी बाजू मांडतो, कारण प्रश्नकर्तीने उपयोग खरोखर होतो का असे स्पष्ट विचारले आहे आणि त्याचे उत्तर अजून पुरते आलेले नाही. समीर जौहर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्रीमध्ये प्रसिद्ध केले. त्यात एकूण लक्षणांवर सीबीटीचा परिणाम लहान दिसला, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे मूल्यमापन करणाऱ्यांना ठाऊक नव्हते अशाच चाचण्या विचारात घेतल्या तेव्हा तो आणखी घटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सायकोसिस असलेल्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक लोकांपर्यंत विशेषज्ञांची मानसिक आरोग्यसेवा पोहोचतच नाही. अशा स्थितीत सार्वजनिक पैसा आधी नियमित औषधे, दुष्परिणामांची तपासणी आणि उपचार सोडून गेलेल्यांचा पाठपुरावा यांवर खर्च व्हावा असे माझे मत आहे. एका कुटुंबाने आपली बचत मोडून खाजगी सीबीटी घ्यावी, असे तर मी मुळीच सुचवणार नाही.

नदीकाठ (उत्तर)

आपला आक्षेप योग्य आहे आणि तो इथे मांडला गेला हे बरे झाले. परिणाम लहान आहे हे मला मान्य आहे. लक्षणांच्या मोजपट्टीवर मी पाहिलेले बदलही बहुतेक वेळा लहानच होते. मात्र वर एका शुभार्थींनी लिहिले आहे ते पुन्हा पाहा : आवाज आहे, पण तो थांबवत नाही. ‘आवाज ऐकू येतात का’ या प्रश्नावर त्यांचे गुण आजही जवळपास तेवढेच येतील, आणि तरीही हा माणूस घराबाहेर पडतो. आपण काय मोजतो यावर परिणामाचा आकार बराच ठरतो. कुटुंबासोबतच्या उपचाराने आजार उलटण्याचे प्रमाण घटते, याचा पुरावा तर अधिक भक्कम आहे.

औषधे आधी की संवाद आधी, या क्रमावर आपले एकमत आहे. माझा मतभेद आहे तो पैसा एकाच ठिकाणी पुरेल हे गृहीत धरण्याविषयी, कारण हा उपचार नेहमीच महागड्या तज्ज्ञाच्या हातून द्यावा लागतो असे नाही. ब्रिटनमध्ये टर्किंग्टन, किंग्डन आणि टर्नर यांनी २००२ मध्ये ४२२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत प्रशिक्षित परिचारिकांनी केवळ सहा सत्रांची संक्षिप्त सीबीटी दिली होती. रुग्णांची एकूण लक्षणे, खिन्नता आणि आजाराविषयीची जाण यांत सुधारणा दिसली. भारतात गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत २८२ जण होते. तिथे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते रुग्ण आणि कुटुंब यांच्यासोबत वर्षभर काम करत होते. केवळ दवाखान्यातील उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत या गटात लक्षणे आणि अपंगत्व थोडे अधिक घटले, आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात, जिथे सेवा सर्वांत विरळ होत्या, तिथे फरक ठळक होता. त्यासाठी खर्च अधिक आला हेही तितकेच खरे. पण जिथे आधी काहीच नव्हते तिथे लाभ मोठा, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी मनावर घ्यावी असे मला फार वाटते.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला होता. खाजगी उपचारासाठी कर्ज काढू नका आणि सत्रांना मुदत न ठरवता सुरुवात करू नका. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा : सायकोसिस असलेल्यांसोबत आपण यापूर्वी काम केले आहे का, ते कोणाच्या देखरेखीखाली केले, आणि आपण आमच्या डॉक्टरांशी संपर्क ठेवाल का. तिसऱ्या प्रश्नाला कोणी नाराज झाले तर तिथून उठून यावे. सहा सत्रे ठरवा, त्यांतून काय साधायचे ते भावाच्या शब्दांत लिहा, आणि सहाव्या सत्रात ते पान उघडून पुढे जायचे की थांबायचे हे सर्वांनी मिळून ठरवा. सत्रांनंतर त्रास वाढत असेल तर सहाची वाट न पाहता पुढच्याच भेटीत सांगा. पैसे संपले म्हणून गुपचूप जाणे बंद करण्यापेक्षा तसे स्पष्ट सांगितले, तर चांगला उपचारक दोन सत्रांतले अंतर वाढवतो किंवा सार्वजनिक सेवेकडे नीट पत्र लिहून देतो.

धाकटी बहीण (प्रश्नकर्ती)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी रुग्णालयात जाऊन यायचे होते.

या वेळी मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या आणि त्या डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि सीबीटीसाठी त्यांच्याकडे माणूस नाही हे सरळ सांगितले. एकच पद आहे आणि ते रिकामे आहे. परंतु त्यांनी शिकवणाऱ्या संस्थेच्या नावे चिठ्ठी दिली. तिथे नाव नोंदवले आहे, पाळी यायला चार महिने लागतील. कुटुंबासाठीची सत्रे मात्र याच रुग्णालयातील समाजकार्यकर्त्या घेतात. आम्हाला चार वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. पहिली बैठक येत्या गोळ्यांच्या दिवशीच ठरली आहे. बाबा आधी ‘आजारी तो आहे, मी कशाला’ म्हणाले. काकांनी इथे लिहिलेले मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग कोणत्या वेळी निघायचे एवढेच त्यांनी विचारले.

वहीची गोष्ट मी दादालाही वाचून दाखवली. तो फारसा बोलला नाही. फक्त, त्या माणसाचे आवाज बायकांचे आहेत की पुरुषांचे, हे विचारून घे म्हणाला. म्हणून त्याच्या वतीने हा प्रश्न इथे ठेवत आहे.

आवाजांपलीकडे (उत्तर)

त्याला सांगा, दोन पुरुष आणि एक म्हातारी बाई. म्हातारी फारशी त्रास देत नाही. त्याचे कोण आहेत हे त्याला सांगावेसे वाटले तर त्याने स्वतः इथे लिहिले तरी चालेल. मी उत्तर देईन.